जखमेतील माती

हाड मोडणे आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येणे, ह्या दोन गोष्टी ऐकताना एकाच दुखण्याच्या दोन पायऱ्या वाटतात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र ती दोन निराळी प्राक्तने होती. पहिल्या प्रकारच्या रोग्याला हाडवैद्याने कामट्या बांधाव्यात, त्याने महिना-दोन महिने खाटेवर काढावेत आणि पुढे थोडेफार लंगडत का होईना, आपल्या कामाला लागावे. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याच्या घरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळजीला आरंभ होई. ताप चढे, जखमेला दुर्गंधी येई, पाय सुजून काळानिळा पडे. आणि मग पाय देऊन माणूस राखावयाचा, की पायासकट माणूस गमवावयाचा, एवढाच प्रश्न उरे. सुश्रुतसंहितेत ह्या दुसऱ्या प्रकाराचा 'सव्रण भग्न' म्हणून वेगळा विचार केलेला आहे आणि अशा जखमेवर तूप, मध व काढे ह्यांची योजना सांगितलेली आहे. म्हणजे हा भेद जुन्यांच्या ध्यानात आला होता. तो का पडतो, हे मात्र एकोणिसावे शतक निम्मे सरेपर्यंत कोणालाच नीट सांगता आले नाही.

कातडी फाटली की डोळ्यांना न दिसणारे जंतू आत शिरतात, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु जंतू शिरतात एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ते येतात कोठून? हवेतून, मातीतून, रोग्याच्या कपड्यांतून, की त्याला बरे करू पाहणाऱ्यांच्या हातांतून? गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरे होते. तथापि मागच्या पिढीचे खरे उत्तर घेऊन नव्या जखमेकडे गेलेल्या शहाण्या माणसांच्या हातून असंख्य हातपाय व प्राण गेले. आम्ही वैद्य नव्हे. परंतु हा इतिहास केवळ वैद्यांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. त्यात आपल्या मुलखातील शिपाई आहेत, आणि आपणां नोकरीपेशाच्या लोकांच्या चांगल्या परिचयाचे सरकारी कागदही आहेत.

जंतूंचा पत्ता लागण्यापूर्वीही काही मार्मिक निरीक्षणे झाली होती. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाझ पारे हा १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेवर होता. बंदुकीची दारू विषारी असते व ते विष जाळून टाकले पाहिजे, अशा समजुतीने जखमेत उकळते तेल ओतण्याची त्या काळची रीत होती. एके दिवशी तेल संपले. पारेने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन ह्यांचा लेप लावला आणि ती रात्र काळजीत काढली. सकाळी पाहतो तो लेप लावलेले शिपाई बऱ्यापैकी स्वस्थ, आणि तेल ओतलेले तापाने व वेदनेने तळमळत असलेले. जखमेत ओतलेले औषध जखमेचाच घात करू शकते, हा ह्या प्रसंगाचा धडा. तो पुढे पौने चारशे वर्षांनी पुन्हा गिरवावा लागणार होता.

दुसरी गोष्ट लंडनच्या पर्सिव्हल पॉट ह्याची. हा स्वतः नामांकित शस्त्रवैद्य. १७५६ साली तो घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचे हाड कातडीबाहेर आले. धक्का बसला तर जखम वाढेल हे जाणून त्याने स्वतःला कोणास उचलू दिले नाही. तेथेच पडून राहून त्याने एक दार विकत आणविले, त्याला दांडे ठोकविले आणि त्यावर निजून तो घरी गेला. जमलेल्या वैद्यांनी पाय कापण्याचे ठरविले. हत्यारेही सिद्ध झाली. इतक्यात त्याचा जुना गुरू एडवर्ड नूर्स आला आणि त्याने पाय राखून पाहावा असा सल्ला दिला. पाय वाचला. त्याच्या जावयाने लिहिलेल्या चरित्रात हा वृत्तांत आहे. सव्रण अस्थिभंग म्हणजे अंगच्छेद, हा नियम किती पक्का होता, हे त्यावरून कळते. कारण पायाचा धनीच शस्त्रवैद्य असूनही तो नियम त्याला लागू करण्याचे ठरले होते.

ह्या नियमाला खरा छेद दिला तो जोसेफ लिस्टर ह्यांनी. लिस्टर ग्लासगोच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन ह्यांच्याकडून त्यांना पाश्चरच्या प्रयोगांची माहिती कळली. दूध नासते, द्राक्षारस आंबतो, ते हवेतील सूक्ष्म जीवांमुळे. मग जखम सडते तीही त्यामुळेच नसेल कशावरून? कार्लाइल गावी सांडपाण्याची दुर्गंधी मोडण्यासाठी कार्बॉलिक ॲसिड वापरतात, हे त्यांच्या वाचनात आले होते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापुढे आला. लिस्टरांनी जखम कार्बॉलिकने भिजविलेल्या फडक्याने झाकली. सहा आठवड्यांनी तो मुलगा पाय शाबूत घेऊन बरा झाला. १८६७ साली त्यांनी अशा ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९ जणांचे प्राण व अवयव दोन्ही वाचले, एकाचा पाय कापावा लागला व एक दगावला. अंगच्छेदाचेही त्यांनी आकडे दिले. जंतुनाशकापूर्वी ३५ पैकी १६ जण दगावले होते, नंतर ४० पैकी ६.

लिस्टरांच्या मते जंतू येत ते मुख्यतः हवेतून. आणि त्या काळच्या रुग्णालयात हवा, हात, हत्यारे व फडकी सर्वच जंतूंनी भरलेली असत, म्हणून जखमेला जंतुनाशकाचे कुंपण घातले की काम भागे. पुढे हवेपेक्षा हात व हत्यारे अधिक दोषी ठरली, उकळून निर्जंतुक केलेली हत्यारे आली, रबरी हातमोजे आले. परंतु मूळ कल्पना तीच राहिली: जखम मुळात शुद्ध असते, तिला बाहेरचा संसर्ग होऊ नये एवढे पाहावे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाने ही कल्पना अधिकच घट्ट केली. दक्षिण आफ्रिकेतील कोरडी, विरळ वस्तीची माळराने आणि लहान व्यासाच्या, वेगवान गोळ्या. गोळी आरपार जाई, लहानसे भोक पडे, वर स्वच्छ पट्टी बांधली की पुष्कळदा जखम आपोआप भरून येई. 'जखमेला हात लावू नका' हा धडा घेऊन ब्रिटिश लष्करातील शस्त्रवैद्य मायदेशी परतले, आणि बारा वर्षांनी तोच धडा घेऊन फ्रान्स व बेल्जमच्या रणांगणावर गेले.

तेथे मात्र जमीन निराळी होती. फ्लँडर्सची ती शेते शतकानुशतके नांगरलेली आणि घोड्यागुरांच्या शेणखताने पोसलेली. शस्त्रही निराळे होते. तोफगोळ्याचा ओबडधोबड तुकडा मांडीत घुसे तो चिखलाने माखलेल्या विजारीचे चिंध्यासारखे तुकडे बरोबर घेऊन. आणि वाटेतील स्नायू चिरडून, रक्तवाहिन्या तोडून थांबे. १९१४ च्या शरद ऋतूत रुग्णालयांत जे दिसू लागले, ते तरुण शस्त्रवैद्यांनी पुस्तकांतही क्वचितच वाचले होते. जखमी होऊन एक-दोन दिवस होतात न होतात, तोच मांडी फुगू लागे. बोटाने दाबली असता कातडीखाली वायूचे बुडबुडे करकरत. कातडीचा रंग प्रथम पांढुरका, मग तांबूस, मग काळसर होई. एक विशिष्ट वास सुटे. आणि माणूस शुद्धीवर असतानाच काही तासांत खंगून मरे. इंग्रजीत ज्याला गॅस गँग्रीन म्हणतात तो हा वायुकोथ.

ह्याला कारण असलेले जंतू अगदीच अपरिचित नव्हते. त्यांतील प्रमुख जंतू अमेरिकेत वेल्च व नटाल ह्यांनी १८९२ साली वर्णिला होता; आज त्याला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स म्हणतात. ह्या कुळातील एक भाऊबंद पाश्चरने १८७७ सालीच पाहिला होता, आणि आणखी काही वाइनबर्ग व सेगँ ह्यांनी युद्धकाळातच शोधून काढले. ह्या जंतूंचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. प्राणवायू त्यांना सोसत नाही. घोड्यागुरांच्या व माणसांच्या आतड्यांत ते राहतात, शेणावाटे शेतात जातात, आणि तेथे टणक कवचाचे बीजाणू होऊन दीर्घकाळ पडून राहतात. सजीव, रक्त खेळत्या स्नायूत ते पडले तर काहीच करू शकत नाहीत. परंतु चिरडलेल्या, रक्त तुटलेल्या मृत मांसात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे त्यांना घर मिळते. तेथे ते वाढतात, स्नायूतील साखर आंबवून वायू सोडतात आणि एक जालीम विष निर्माण करतात. ते विष शेजारचा जिवंत स्नायू मारते. म्हणजे जंतूसाठी नवे घर तयार होते. अशा रीतीने एका बोटभर मृत मांसापासून सबंध पाय जातो.

बूलोन गावी एका कॅसिनोत ब्रिटिशांनी रुग्णालय थाटले होते. तेथेच सर अल्मरॉथ राइट ह्यांनी आपली प्रयोगशाळा उभी केली, आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडर फ्लेमिंग हा तरुण सहायक होता. फ्लेमिंगने १९१५ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याने तपासलेल्या १२७ जखमांपैकी १०३ मध्ये वायुकोथाचा प्रमुख जंतू होता, २२ मध्ये धनुर्वाताचा, आणि १०२ मध्ये साखळीच्या आकाराचे स्ट्रेप्टोकॉकस. मग त्याने जखमींच्या कपड्यांचे १२ तुकडे तपासले, तो १० मध्ये तोच वायुकोथाचा जंतू निघाला. जंतू कोठून आला, ह्या प्रश्नाचे हे नवे उत्तर. तो रुग्णालयाच्या हवेतून आला नव्हता. शेतातील मातीतून कपड्यात आणि कपड्यातून गोळ्याबरोबर थेट मांसात गेला होता. शस्त्रवैद्याच्या टेबलावर रुग्ण येई तेव्हा जखम अगोदरच दूषित झालेली असे. तिला कुंपण घालून काय उपयोग? चोर केव्हाच घरात शिरला होता.

मग चोराला घरातच मारावे, म्हणून जंतुनाशकांचा मारा सुरू झाला. फ्लेमिंगने त्याचीही परीक्षा एका साध्या युक्तीने केली. त्याने एक काचनळी तापवून तिला काट्यांसारखे पोकळ फाटे काढले. खऱ्या जखमेला असतात तसेच हे कानेकोपरे. तीत जंतूंनी भरलेला रक्तद्रव घातला, ओतून टाकला, मग कडक जंतुनाशक भरून ठेवले, तेही ओतून टाकले आणि शेवटी शुद्ध रक्तद्रव भरला. थोड्याच वेळात तो पुन्हा जंतूंनी गढूळ झाला. फाट्यांच्या टोकांत जंतू सुखरूप दडून बसले होते. उलट जंतुनाशकाने रक्तातील जंतुभक्षक पांढऱ्या पेशी मात्र आधी मरत. राइट व फ्लेमिंग ह्यांचे म्हणणे असे की, जखमेचा खरा वैद्य शरीरच. त्याला साहाय्य करावे, मिठाच्या पाण्याने धुवावे आणि मृत मांस काढावे. पारेच्या उकळत्या तेलाचा धडा येथे प्रयोगशाळेत सिद्ध झाला. फ्रान्समध्ये कांप्येन्य येथे आलेक्सी कारेल व हेन्री डेकिन ह्यांनी मात्र सौम्य केलेले हायपोक्लोराइटचे द्रावण रबरी नळ्यांनी दर दोन तासांनी जखमेच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचविले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंची गणती खाली आल्यावरच जखम शिवण्याची शिस्त घातली. दोन्ही पक्षांत कडाक्याचे वाद झाले. परंतु दोहोंनाही मान्य असलेली गोष्ट एकच होती: मृत मांस आत ठेवून कोणतेही औषध लागू पडत नाही.

ह्या गोष्टीला शस्त्रवैद्यकात फ्रेंच शब्द आहे, देब्रिदमाँ. त्याचा मूळ अर्थ लगाम सोडविणे. अठराव्या शतकात पॅरिसचा देसो आवळलेली जखम छेद देऊन मोकळी करी, त्याला हा शब्द लागला. १८९८ साली जर्मन शस्त्रवैद्य फ्रीडरिख ह्याने प्रयोगाने दाखविले होते की, प्राण्याच्या जखमेत बागेतील माती घातली आणि सहा तासांच्या आत जखमेच्या कडा कापून काढल्या, तर संसर्ग टळतो. हा प्रयोग युद्धापूर्वी बहुतेकांच्या स्मरणात राहिला नव्हता. बेल्जमचा आंत्वान दपाज ह्याने ला पान येथील रुग्णालयात तेच तत्त्व अमलात आणले. मेलेले मांस, कापडाच्या चिंध्या व माती काढून टाकावी. रक्त निघेपर्यंत व स्नायू चिमट्याने आकुंचन पावेपर्यंत कापावे. जखम उघडी ठेवावी. आणि काही दिवसांनी जंतू नाहीत अशी खात्री पटल्यावर शिवावी. १९१७ साली दोस्तराष्ट्रांच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेने ही पद्धत मान्य केली. ह्याच्याच जोडीला मोडलेली मांडी प्रथमपासून थॉमस फळीत स्थिर बांधण्याची सक्ती झाली. आरासच्या लढाईत १९१७ साली मांडीचे हाड मोडलेल्या १,००९ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १५.६ टक्के नोंदले गेले. युद्धाच्या आरंभी अशा रुग्णांतील बहुसंख्य दगावत असत. धनुर्वाताचे काम त्याहून सोपे ठरले, कारण त्याचे प्रतिविष बेरिंग व कितासातो ह्यांनी १८९० सालीच शोधले होते. १९१४ च्या सप्टेंबरात हजार जखमींत आठ-नऊ जणांना धनुर्वात होई. प्रत्येक जखमीला प्रतिविषाची सुई टोचण्याचा हुकूम झाल्यावर वर्षअखेर ते प्रमाण हजारी दोनाच्या खाली आले.

युरोपात हे शहाणपण येत असतानाच त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या आघाडीवर काय चालले होते, ते पाहणे आवश्यक आहे. कारण तेथे आपली माणसे होती. मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली सहावी डिव्हिजन ही पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ व ११० ह्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या आणि ११७ मराठा ही पलटण, अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई झाली आणि हजारो जखमी पडले. त्यांना नदीपर्यंत नेण्यासाठी लष्करी सामानाच्या, स्प्रिंगा नसलेल्या गाड्या होत्या. पॉटने ज्या धक्क्याच्या भयाने दार विकत आणविले होते, तो धक्का ह्या शिपायांना कोसच्या कोस सोसावा लागला. पुढे जहाजांवर व पडावांवर त्यांना दाटीने निजविले गेले आणि बसऱ्याला पोहोचण्यास कित्येकांना बारा-तेरा दिवस लागले. 'वरेला' ह्या रुग्णनौकेवरील मेजर कार्टर ह्या अधिकाऱ्याने पुढे चौकशी मंडळापुढे जी साक्ष दिली, ती वाचवत नाही. 'मजिदिया' नावाचे जहाज बसऱ्याला लागले तेव्हा त्याच्या कडेला दोरखंड लोंबत असल्यासारखे त्याला दिसले. जवळ आल्यावर कळले की ती सुकलेली विष्ठा होती. मोडलेल्या अवयवांना व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या बांधलेल्या होत्या. पट्ट्या दिवसेंदिवस बदललेल्या नव्हत्या.

ह्या जखमांत कोणते जंतू होते, ह्याची तक्ते मांडून नोंद करणारा फ्लेमिंग तेथे नव्हता. त्याची गरजही नव्हती. मृत मांस, घाण, विलंब आणि हालणारे हाड एवढे असल्यावर जंतूचे नाव गौण ठरते. आम्हांस अधिक बोचते ती कागदोपत्रांची बाजू. ह्याच जखमींविषयी वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्याने धाडलेल्या तारेत त्यांची प्रकृती अतिशय समाधानकारक असून वैद्यकीय व्यवस्था उत्तम चालली आहे, असा मजकूर होता. खरी हकीकत सांगणाऱ्या कार्टरला अटकेची व नौकेवरून दूर करण्याची धमकी मिळाली. १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा हे सारे उजेडात आले, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्यांनी जन्मभर 'स्थिती समाधानकारक आहे' अशा मसुद्यांवर सह्या घेतल्या किंवा केल्या आहेत, त्यांनी ही तार एकदा डोळ्यांपुढे आणावी. बसऱ्याचे युद्धस्मारक १९२९ साली उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची नावे नव्हती, पलटणीच्या नावाखाली केवळ त्यांची संख्या होती. त्या संख्येतील कितीजण गोळीने गेले आणि कितीजण पडावावरील त्या दिवसांनी, हे दगड सांगत नाही.

दोन युद्धांच्या मधल्या काळात नांगरल्या जमिनीचा धडा पुन्हा विसरला जाण्याच्या बेतात होता. तो जिवंत ठेवला स्पेनमधील यादवी युद्धाने. बार्सेलोनाचे जुझेप त्रुएता ह्यांनी सव्रण अस्थिभंगाची जखम तातडीने धुऊन, मृत मांस काढून, उघडी ठेवून वरून सबंध अवयव प्लास्टरमध्ये बंद करण्याची पद्धत वापरली. प्लास्टरला असह्य दुर्गंधी येई. पण रोगी बरा होई. १,०७३ रुग्णांत केवळ ६ मृत्यू, असा त्यांचा हिशेब आहे. त्यानंतर सल्फा औषधे आली, आणि फ्लेमिंगनेच १९२८ साली पाहिलेले पेनिसिलिन फ्लोरी व केर्न्स ह्यांनी १९४३ साली उत्तर आफ्रिकेतील जखमींवर वापरून पाहिले. वायुकोथ हळूहळू दुर्मिळ झाला. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन जखमींच्या १,३९,००० जखमांत त्याचे २२ रुग्ण नोंदले गेले. ह्याचे श्रेय एकट्या पेनिसिलिनला देण्याचा मोह होतो. परंतु जखमी तासाभरात हेलिकॉप्टरने टेबलावर येत होता आणि त्याचे मृत मांस काढून जखम उघडी ठेवली जात होती, ह्याचाही त्यात मोठा वाटा होता.

मातीतील शत्रू असा मागे हटला, तेव्हा जंतू कोठून येतो, ह्या प्रश्नाने पुन्हा तोंड फिरविले. फ्लेमिंगच्याच १९१५ च्या नोंदींत त्याची पूर्वसूचना होती: पहिल्या आठवड्यात मातीतील जंतू प्रबळ असत, आणि तीन आठवड्यांनी त्यांची जागा पू करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस ह्यांनी घेतलेली असे. म्हणजे जखम तीच, पण तीतील वस्ती बदललेली. पेनिसिलिनचा सुकाळ झाल्यावर ही नवी वस्ती औषधाला दाद देईनाशी झाली. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर ह्यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी १९४६ साली १४ टक्के पेनिसिलिनला न जुमानणारे होते. १९४८ साली ५९ टक्के. हे जंतू शेतात जन्मलेले नव्हते. ते वॉर्डात वाढलेले होते.

ह्याचा सर्वांत बोलका दाखला पुन्हा त्याच तैग्रिसच्या मुलखातून मिळावा, हा योगायोग विलक्षण खरा. २००३ पासून इराकमध्ये जखमी होऊन अमेरिकेत परतणाऱ्या सैनिकांच्या मोडलेल्या हातापायांत असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू सापडू लागला. बहुतेक औषधे त्याच्यापुढे निष्प्रभ. साहजिकच सर्वांनी तेथील मातीकडे बोट दाखविले. १९१४ चे उत्तर सर्वांना पाठ होते. परंतु तपास झाला तेव्हा मातीच्या ४९ नमुन्यांपैकी एका नमुन्यात तो मिळाला. १६० जणांच्या कातडीवर शोधला, तो एकाच्या अंगावर मिळाला. आणि पाहणी केलेल्या सातही रणरुग्णालयांच्या उपचारकक्षांत मिळाला. म्हणजे उत्तर फिरून लिस्टरांच्या वॉर्डापाशी आले होते. जखमेत माती होतीच. पण अवयवाचा घात करणारा जंतू वाचविणाऱ्या हातांच्या वाटेने आला होता.

आज ह्या जखमा रणांगणापेक्षा आपल्या रस्त्यांवर अधिक होतात. नडगीच्या हाडावर पुढच्या बाजूला कातडीखेरीज फारसे आच्छादन नसते. म्हणून मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाचे तेच हाड पुष्कळदा उघडे पडते. अमेरिकेतील गस्टिलो व अँडरसन ह्यांनी १९७६ साली १,०२५ सव्रण अस्थिभंगांच्या अनुभवावरून त्यांची प्रतवारी केली आणि ती जगभर रूढ झाली. आपल्या देशात कोइमतूर येथील गंगा रुग्णालयाच्या शस्त्रवैद्यांनी कातडी, हाड, स्नायू व रोग्याची एकंदर प्रकृती ह्यांना गुण देऊन अवयव राखावा की नाही, हे ठरविण्याची पद्धत २००६ साली प्रसिद्ध केली. १४ पर्यंत गुण असतील तर राखण्याचा प्रयत्न करावा. १७ वा अधिक असतील तर अंगच्छेदाचा विचार करावा. मधल्या दोन गुणांत अनुभवी माणसाने निर्णय घ्यावा. पॉटच्या खाटेभोवती जमलेल्या वैद्यांचा वाद आता असा अंकांत मांडला जातो. औषध लवकर द्यावे, हेही प्रयोगाने ठरले आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत औषधावाचून १३.९ टक्के रुग्णांस संसर्ग झाला, तर योग्य औषध दिलेल्यांत २.३ टक्के. आणि जखम कशाने धुवावी? २,४४७ रुग्णांवरील एक मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत साबणाच्या द्रावणापेक्षा साधे मिठाचे पाणी सरस ठरले. बूलोनच्या कॅसिनोत राइटसाहेबांनी ज्याचा आग्रह धरला होता, त्या मिठाच्या पाण्याची बाजू शंभर वर्षांनी मोठ्या चाचणीत उजवी ठरली.

ह्या साऱ्या इतिहासातून एकच रामबाण औषध शोधू गेले तर हाती काही लागत नाही. कार्बॉलिक, डेकिनचे द्रावण, सल्फा, पेनिसिलिन ह्या सर्वांनी काही काळ राज्य केले आणि जंतूंनी प्रत्येकाला वाट काढली. टिकले ते मृत भाग काढणे, जखम मोकळी ठेवणे, हाड हालू न देणे, हात धुणे आणि वेळ न दवडणे. ह्यांतील एकाचेही श्रेय बाटलीला देता येत नाही. ही सर्व माणसांनी करावयाची कामे आहेत, आणि म्हणूनच ती सर्वांत लवकर विसरली जातात. प्रत्येक पिढीला वाटते की, मागच्या जखमेने आपल्याला सर्व काही शिकविले. नवी जखम नव्या जमिनीवर होते, तेव्हा तिच्यापाशी बसून तीत काय आहे ते पाहावे लागते, आणि जे दिसेल ते जसेच्या तसे कागदावर लिहावे लागते. तैग्रिसच्या पडावांवरील आपल्या शिपायांना तेवढे मिळाले असते, तर त्यांतील काहीजण तरी कोकणात, देशावर आपल्या गावी परतले असते.